दोन चादरी

१

मी चावट बाई आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारीनं फसवलं. शाळा तीन इयत्ता झाली, त्यातली दीड कोपऱ्यात उभं राहून. डोंगरावरच्या हॉटेलात चाळीस वर्षं रांधलं. त्या चाळीस वर्षांत साखरेच्या भांड्यात मीठ किती वेळा घातलं, शहरी बायांना अस्वलाची भीती घालून किती जणींना टेबलावर चढवलं, त्याचा हिशेब वरचा देव ठेवत असेल. मी नाही ठेवला.

पण ही गोष्ट गमतीची नाही. सुरुवात गमतीनं झाली, एवढंच.

हॉटेल आमचं कड्याच्या टोकावर. खाली दरी, दरीपलीकडं हडसन नदी, चांदीचा दोरा टाकल्यासारखी. जेवणाची घंटा बरोबर बाराला व्हायची. घंटा झाली की मी हात पुसत मागच्या कट्ट्यावर जायची आणि खाली बघायची. ओढ्याच्या वळणावर आमचं घर होतं. बापानं बांधलेलं, लाकडाचं. एक धुराडं, एक गाय आणि माझी धाकटी बहीण लेना.

लेनाचा डावा पाय लहानपणी ओंडक्याखाली सापडला होता. डोंगर चढणं तिला जमायचं नाही. मी रविवारी उतरायची. बाकीचे सहा दिवस आमचं बोलणं चादरीवर. घंटा खाली तिला ऐकू जायची, मग ती अंगणातल्या दोरीवर चादर टाकायची. एक चादर म्हणजे ‘मी बरी आहे, जेव तू.’ दोन चादरी म्हणजे ‘ये.’

तोवर दोन चादरी दोनदाच पडल्या होत्या. एकदा आई गेली तेव्हा. आणि एकदा एक एप्रिलला. त्या दिवशी मी पिठाच्या हातांनी धावत, धडपडत, गुडघा फोडून खाली पोचले, तर ही बया दारात बसून सफरचंद खात होती.

“काय झालं गं?”

“काही नाही. बघत होते, येतेस का.”

चावटपणा आमच्या रक्तातच. मी तिला झाडूनं मारायला धावले आणि मग दोघी दारात बसून पोट दुखेस्तोवर हसलो.

२

अठराशे साठच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून व्हिटलॉक नावाचे चित्रकार आले. लांब दाढी, लांब बोटं, आणि पॅनकेकवर काकवी इतकी ओतायचे की ताटाला ओढा यायचा. मागच्या कट्ट्याला लागून त्यांनी लाकडी खोली मागून घेतली. तिच्या खिडकीतून सगळी दरी दिसायची. कॅनव्हास एवढा मोठा, की दार काढून आत न्यावा लागला.

आमची दरी तेव्हा काही फार देखणी नव्हती बरं का. चामड्याच्या कारखान्यानं हेमलॉकची सगळी झाडं पाडली होती. झाडाची साल सोलून न्यायची, चामडं कमावायला, आणि खोड तिथंच कुजत टाकायचं. उतारावर नुसते खुंट. म्हाताऱ्याच्या तोंडातल्या दातांसारखे. पण साहेबांच्या चित्रात बघावं तर हिरवंगार रान!

मी विचारलं, “साहेब, ही झाडं कुठली आणली?”

“इथलीच आहेत, हिली.”

“माझ्या लग्नाच्या आधी पाडली ती. आणि माझं लग्न होऊन, नवरा मरून, दोन्ही गोष्टी जुन्या झाल्या.”

ते हसले. म्हणाले, “मी दरी जशी आहे तशी काढत नाही. ती जशी देवाच्या मनात होती तशी काढतो. लोकांना आपला देश बघायचाय, हिली. युरोपात पडके किल्ले आहेत, राजे आहेत. आपल्याकडं हे आहे. कुणाचा हात न लागलेलं.”

आता आमच्या बापाचा हात, कुऱ्हाड, घाम, दोन बोटं, सगळं त्या दरीला लागलेलं. पण काकवीवाल्या गिऱ्हाइकाशी वाद घालू नये.

घर मात्र त्यांनी काढलं. रानाचा रंग वाळल्यावर त्याच्यावर, ओढ्याच्या वळणापाशी, नखाएवढं. अंगण, दोरी, पांढरी चादर आणि चादरीशेजारी लेना. कुंचल्याचा एकच ठिपका, पण जरा वाकडा उभा. पायामुळं. मी ओळखलं तिला.

रविवारी सांगितलं तर लेनाचे कान लाल झाले. “मी? चित्रात? न्यूयॉर्कला?”

“मुंगीएवढी आहेस. फुगू नकोस.”

दुसऱ्या दिवसापासून ही बाई दुपारी चादर टाकायला इस्त्रीची टोपी घालून बाहेर यायला लागली. वरून टोपी दिसते का, पण? तरी घालायची. रोज.

३

आता माझं पाप ऐका.

ऑगस्टातली दुपार होती. साहेब जेवायला गेलेले. मी खोली झाडायला गेले. टर्पेंटाईनचा वास, खिडकीवर माशी, आणि कॅनव्हासवर आमचं घर अजून ओलं, कारण साहेबांनी सकाळी घराचा, चादरीचा, लेनाचा, सगळा रंग पुन्हा लावला होता. माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, हे पुसावं. साहेब आले की बोंब मारतील, पुन्हा काढतील. आणि रविवारी लेनाला सांगावं, ‘तुला हाकललं गं चित्रातून,’ म्हणजे तिचं तोंड बघण्यासारखं होईल. एक एप्रिलचं उसनं फिटेल.

फडक्याचं टोक टर्पेंटाईनमध्ये बुडवलं आणि पुसलं. एक, दोन, तीन. इतकं सहज गेलं. खाली रान होतंच, वाळलेलं. जसं काही तिथं कुणी कधी नव्हतंच.

साहेब आले. मी कोपऱ्यात झाडू घेऊन उभी, हसू दाबत. ते चित्रापाशी गेले आणि थांबले.

“हे कुणी केलं?”

“मी तर आत्ताच आले, साहेब.”

ते वळले तर डोळ्यांत पाणी. “तीन महिने मला कळत नव्हतं काय चुकतंय. आता दिसतोय बघ, हिली. आता दिसतोय तो देश.”

मी म्हटलं, “पुन्हा नाही काढणार घर?”

“कशाला?”

तेव्हा बोलायला हवं होतं. ‘साहेब, गंमत होती, काढा परत.’ चार शब्द. पण मला वाटलं, माणूस रडतोय, कशाला त्याचा आनंद घालवा.

रविवारी लेनाला सांगितलं. ती हसली आधी, मी हसवत होते म्हणून. मग भांडी घासता घासता म्हणाली, “हिले, मग मी कुठल्या देशात राहते?”

“बावळट आहेस.”

सोमवारी तिनं चादर टाकली. टोपी होती की नव्हती, वरून दिसत नाही. पण मला ठाऊक आहे, नव्हती.

४

चित्र हिवाळ्यात न्यूयॉर्कला लागलं. एका मोठ्या खोलीत, काळ्या पडद्यांमध्ये, वरून दिव्यांचा उजेड. लोक रांगा लावून आत जायचे, कागदाच्या नळ्या डोळ्याला लावून एकेक पान बघायचे. टोप्या काढायचे. रडायचे म्हणे.

रडतीलच. ते दिवसच तसे. दक्षिणेकडची राज्यं एकेक करून फुटत होती, प्रत्येक घरात जेवणाच्या टेबलावर भांडण. आणि इथं एक दरी, जिच्यात कुंपण नाही, कुऱ्हाड नाही, माणूस नाही, म्हणजे भांडणही नाही. हा आपला देश, असा होता, असाच आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

एप्रिलात लढाई सुरू झाली. जूनमध्ये चित्राच्या रंगीत छापील प्रती निघाल्या. एक आमच्या हॉटेलच्या दिवाणखान्यात लागली, आणि पाहुणे एकेक प्रत हातात घेऊन वर यायला लागले. कड्यावर उभं राहायचं, चित्राकडं बघायचं, दरीकडं बघायचं आणि म्हणायचं, “तंतोतंत!”

मी म्हणायची, “आणि ते खुंट?”

“कुठले खुंट?”

मला वाटलं, शहरी डोळे. पुस्तकं वाचून खराब झालेले.

कट्ट्यावर पितळी दुर्बीण होती. एका जाड्या बाईला मी धरून बसवलं आणि नळी सरळ आमच्या घरावर लावून दिली. बाराची वेळ. चादर पडलेली, मला नुसत्या डोळ्यांनी लख्ख दिसत होती.

“काय दिसतं, बाई?”

“झाडं. किती दाट! आणि शांत.”

“पांढरं काही दिसत नाही?”

“धबधबा आहे का तिथं?”

मी स्वयंपाकघरात जाऊन हसले. दिवसभर हसले. संध्याकाळी मात्र दुर्बिणीची काच पुसून ठेवली. घाण झाली असेल म्हणून.

५

मग याकोबस आला. हा आमचा टपालवाला. म्हातारा, तिरसट, आणि या डोंगराची वाट झोपेतही चालणारा. दर गुरुवारी लेनाला पिठाची पिशवी टाकायचा आणि तिच्याकडून लोण्याचा गोळा मला आणून द्यायचा. आठ वर्षं.

त्या गुरुवारी तो पिशवी घेऊन परत आला.

“लेना घरी नव्हती का रे?”

“घर सापडलं नाही,” तो म्हणाला.

“प्यायलास किती?”

तो चिडला नाही. हेच मला आवडलं नाही. याकोबस कशावरही चिडायचा. पिशवी टेबलावर ठेवून तो बसला, टोपी हातात फिरवत. “ओढ्याच्या वळणापर्यंत गेलो, हिली. पुढं रान आहे. हेमलॉकचं. माझ्या बापाच्या वेळी होतं तसं. मी म्हटलं, चुकलो. परत फिरलो, पुन्हा गेलो. तीनदा.” मग हळूच म्हणाला, “वास नव्हता. एवढं रान, आणि झाडाचा वास नाही. पाखरूही नाही.”

“दिवाणखान्यातलं ते चित्र बघत बसतोस ना जाता-येता?”

“सगळेच बघतात. छान आहे.”

मी कट्ट्यावर गेले. संध्याकाळ व्हायला आली होती. घर दिसत होतं. धुराड्यातून धूर निघत होता. मी स्वतःला म्हटलं, बघ, आहे. म्हातारा खुळावलाय. उद्या चादर बघ आणि त्याला टोमणा मार.

दिवाणखान्यातून मी दिवसातून वीस वेळा जायची, ताटं घेऊन. त्या दिवसानंतर मान खाली घालून जायला लागले. पण मान कितीदा खाली घालणार? चित्र खरंच छान होतं.

६

शुक्रवारी बाराला घंटा झाली. हात पुसले. कट्ट्यावर गेले.

झाडं होती.

आधी मला वाटलं, चुकीच्या जागी बघतेय. ओढ्याचं वळण शोधलं. सापडलं. तिथून डावीकडं. झाडं. काळीशार, दाट, एकाला एक लागून, आणि ऊन त्यांच्या शेंड्यांवर असं पडलेलं, की बघतच राहावं. घंटेचा आवाज अजून हवेत होता. माझ्या मनात पहिला विचार कुठला आला सांगू? देवाशपथ सांगते. मला वाटलं, काय सुंदर आहे.

मग एप्रन तसाच, पाय नेतील तशी मी खाली धावले. वाट ओळखीची होती तोवर धावले. ओढ्याच्या वळणाला रान उभं. याकोबस म्हणाला तेच खरं, वास नाही. मी एका खोडाला हात लावला. हाताला खोड लागलं, पण गार नाही, गरम नाही. भिंतीवर हात ठेवल्यासारखं.

“लेने!”

आवाज माझ्याच तोंडाशी पडला.

“लेने, बास झाली गंमत! हरले मी!”

काही नाही. मग कुणास ठाऊक कशी, मला अक्कल सुचली. डोळे मिटले. मिटल्याबरोबर पायाखाली खुंट लागला. मग दुसरा. पायांना सगळं पाठ होतं. हा बापाच्या बसायचा खुंट. हा फुटका, इथून उजवीकडं. इथं कुंपणाची फळी, मांडीला लागली. कोंबडीची पिसं असलेली माती. गायीचा उबट वास आला, आणि मला रडू फुटलं, पण डोळे उघडले नाहीत.

हात पुढं करून चालत होते. हाताला ओलं कापड लागलं.

चादर. नुकती टाकलेली, पाणी गळत होतं. मी चाचपडत दोरीनं पुढं सरकले. पहिली संपली. आणि लगेच हाताला दुसरी लागली.

“लेने, आले गं,” मी म्हटलं.

चादरीपलीकडून एका हातानं माझा हात धरला. ओल्या कापडातून. बोटं तिचीच, अंगठ्यावर विळ्याचा जुना वण. हात दोनदा दाबला. ये, ये. पण धरणं असं, जसं आंधळं माणूस काही तरी धरतं आणि त्याला कळत नाही हे काय आहे. पलीकडं श्वास ऐकू येत होता, जोरजोरात. माझ्या बहिणीचा श्वास, आणि ती घाबरली होती. मला घाबरली होती.

मी हात ओढून घेतला. डोळे उघडले.

रान. माझ्या हातात काही नाही. एप्रन मात्र पोटापाशी ओला, पाणी टपकत होतं. आणि पायाशी शेवाळावर अर्धं खाल्लेलं सफरचंद. दातांच्या खुणा पांढऱ्या, अजून लाल न पडलेल्या.

मी पळाले. बहिणीला सोडून पळाले. इतक्या वर्षांच्या गमतीजमतीत हे एक खरं सांगते.

७

दुसऱ्या दिवशी गेले. डोळ्यांवर फडकं बांधून गेले. पायाला खुंट लागले नाहीत. त्यानंतर बत्तीस वर्षं दर रविवारी जाते, रानात बसते, पाव खाते, गावातल्या चहाड्या मोठ्यानं सांगते. पायाला नुसतं शेवाळ लागतं.

साहेबांना पत्र लिहिलं होतं. त्यांनी उलट प्रेमानं लिहिलं, ‘हिली, त्या दरीत घर होतं असं मला तरी आठवत नाही.’ दिवाणखान्यातलं चित्र मी चुलीत घातलं. मालकांनी दुसरं आणलं. ते घातलं, तिसरं आलं. हजारोंनी छापली होती, मी किती जाळणार? गावच्या चर्चमधल्या वहीत लेनाच्या जन्माची नोंद आहे, तेवढी मी मधूनमधून जाऊन वाचते. इतरांना विचारलं की म्हणतात, “तुला बहीण होती का?” आता विचारत नाही.

माझा एक तांबडा परकर आहे. बाराला मी तो कट्ट्याच्या कठड्यावर टाकते. पाहुणे कुरकुरतात की देखावा बिघडतो. बिघडू दे.

८

या मे महिन्यात ओहायोकडून एक चित्रकार बाई आली. मिस पेल. पन्नाशीची, पुरुषी बूट, तोंडात कायम काही तरी. म्हणाली, दिवाणखान्यातली चित्रं तिला सोसत नाहीत, ताट खोलीतच पाठव. आल्यापासून तिनं त्या भिंतीकडं पाहिलंसुद्धा नाही.

काल दुपारी ती कट्ट्यावर रंगवत होती. मी परकर टाकायला गेले.

“असू दे, आजी, तांबडा रंग छान पडतो. तुलाही घेते चित्रात.”

“मला कशाला? माणसं आली की देश बिघडतो म्हणे.”

“कुठल्या गाढवानं सांगितलं?”

मी हसले. फार दिवसांनी हसले. तिच्या खांद्यावरून चित्रात डोकावले. दरी होती. उतारावर करडे ठिपके, कुजक्या दातांसारखे. आणि ओढ्याच्या वळणापाशी पांढरा रंग.

“हे काय?”

“वाळत घातलंय कुणी तरी. ते बघ ना खाली.”

मी खाली बघितलं. झाडं. उन्हातली सुंदर झाडं.

“माझे डोळे गेलेत, बाई,” मी म्हटलं. “तुम्ही सांगा. एक आहे की दोन?”

ती डोळे बारीक करून बघत राहिली. “दोन. दोन चादरी.”

मी कठडा धरला. “शेजारी कुणी आहे?”

“बाई आहे. जरा वाकडी उभी आहे. म्हातारी वाटते.” मग म्हणाली, “कपाळावर हात धरून इकडंच बघतेय. थांब, मी हात करते.” तिनं कुंचल्यासकट हात हलवला, मोठ्यानं, बोटीला करतात तसा. मी परकर ओढून घेतला आणि वेड्यासारखा फडकवला.

“केला का तिनं हात?”

मिस पेलनं हात खाली घेतला.

“सांगा की.”

“नाही,” ती म्हणाली. “आपल्याकडं बघतेय, पण... तू कधी मोकळ्या आभाळाकडं बघणारं माणूस पाहिलंस? तसं बघतेय.”

९

उद्या मी उतरते. परकर डोळ्यांवर बांधून. आज सकाळी वाटेच्या तोंडाशी जाऊन डोळे मिटले आणि एक पाय पुढं टाकून बघितला. खुंट लागला. पुढं गेले नाही. मिस पेलचा रंग अजून ओला आहे आणि मला ओल्या रंगाची भीती वाटते. ती म्हणते उद्यापर्यंत वाळेल.

हसू नका. त्र्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे बोलतात, पण उतार आहे, उताराला गुडघे लागत नाहीत. या खेपेला हात सोडणार नाही. ती घाबरली तर घाबरू दे. एकीनं तरी धरून ठेवायला हवं. पहिलं काय बोलायचं तेही ठरवलंय. ती विचारेल, इतका उशीर का केलास? मी म्हणेन, बघत होते, बोलावतेस का.

तुमच्याशी काम एवढंच. मिस पेल ते चित्र घेऊन शहरात जाईल, कुठल्या तरी भिंतीवर लागेल. तुम्ही ते बघाल. ओढ्याच्या वळणापाशी दोन पांढरे ठिपके आहेत. माशीनं घाण केल्यासारखे दिसतात. हात शिवशिवेल, फडकं ओलं करावंसं वाटेल. मला ठाऊक आहे कसं वाटतं ते.

पुसू नका.

आणि एखाद्या दिवशी त्यांच्याशेजारी तिसरा दिसला, तांबडा, तर तोही तसाच राहू द्या.